रग्बी नोंदवही: चेंडूकडे न बघण्याचा चौथा महिना

मागच्या नोंदीत म्हटलं होतं की थोर खेळाडू ओळखायची माझी रीत बदलतेय. आता ती हाताला बसली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

जुना सामना पूर्ण ८० मिनिटांचा घ्यायचा. पहिल्यांदा नुसता बघायचा. दुसऱ्यांदा एकाच खेळाडूचा नंबर धरायचा आणि चेंडू कुठेही जावो, नजर त्याच्यावरून हलू द्यायची नाही. कॅमेरा त्याला सोडून गेला की वहीत वेळ टिपायची, परत दिसला की कुठे दिसला ते लिहायचं. मधल्या वेळात हा गडी तिथून इथे पोचला कसा, हे शोधण्यातच सगळी गोडी आहे. पहिल्या दोन महिन्यांत माझी नजर सारखी चेंडूकडे पळायची. आता अर्धा तास सहज टिकते.

आठवडा १३

२००३ च्या वर्ल्ड कपची फायनल, इंग्लंड विरुद्ध ऑस्ट्रेलिया. जादा वेळ संपत आलेली, १७-१७ बरोबरी. जॉनी विल्किन्सनने आपल्या कमजोर उजव्या पायाने मारलेला ड्रॉप गोल (चेंडू जमिनीवर टाकून, उसळताच खांबांमधून मारायची किक) सगळ्यांना पाठ आहे. मी तो भाग या वेळी विल्किन्सनला सोडून बघितला.

लाइनआउटनंतर (बाहेर गेलेला चेंडू दोन्ही संघांच्या रांगांमध्ये परत आत फेकतात तो) स्क्रम-हाफ मॅट डॉसन फट बघून स्वतःच घुसतो आणि बरीच जागा मारून टॅकल होतो, म्हणजे धरून पाडला जातो. आता तो रकच्या, म्हणजे पडलेल्या चेंडूवर दोन्ही संघांचे गडी भिडून झालेल्या गर्दीच्या, तळाशी अडकलाय. म्हणजे विल्किन्सनला नीट पास देणारा माणूसच जागेवर नाही. फ्लँकर नील बॅक चेंडूमागे येऊन उभा राहतो. त्याने थेट विल्किन्सनकडे टाकला असता तरी कोणी बोल लावला नसता. तो चेंडू देतो कप्तान मार्टिन जॉन्सनला. जॉन्सन समोरच्या गर्दीत सरळ घुसतो आणि खाली जातो. जागा फारशी मिळत नाही, पण तेवढ्या वेळात डॉसन उठून परत चेंडूमागे आलेला असतो. मग पास, मग किक, २०-१७.

जॉन्सनची ती धाव कुठल्या आकडेवारीत उठून दिसणार नाही. मी ती वीसेक वेळा तरी बघितली असेल. शंभर मिनिटं अंग ठेचून घेतल्यावर, आपल्या संघाला या क्षणी जागा नको, वेळ हवाय, हे कळणं मला अफाट वाटतं.

आठवडा १४

रिची मकॉ. न्यूझीलंडकडून १४८ कसोट्या, त्यातल्या ११० कप्तान म्हणून. ओपनसाइड फ्लँकर, म्हणजे ७ नंबरचा गडी.

जॅकलिंग म्हणजे काय, नव्यांसाठी थोडक्यात: प्रतिस्पर्धी टॅकल होऊन पडला की रक जमायच्या आत, स्वतःच्या पायांवर उभं राहून चेंडूवर हात घालायचा. टॅकल तुम्हीच केला असेल तर आधी त्याला सोडायचं, उभं राहायचं, मगच हात. पडलेल्याने चेंडू सोडला नाही तर पेनल्टी तुमची. तुम्ही आडवे झालात किंवा हात जमिनीला टेकवून भार दिलात तर पेनल्टी त्यांची. हा सगळा खेळ एक-दोन सेकंदांचा.

मला वाटायचं, मकॉ प्रत्येक रकमध्ये हात घालतो. नंबर ७ धरून बघितल्यावर उलटंच दिसलं. बऱ्याच रकपाशी तो येतो, एक नजर टाकतो आणि निघून जातो. मदतीला येणारे दोन गडी जवळ असतील तर तो वाकतसुद्धा नाही, बचावाच्या रांगेत जाऊन उभा राहतो. चेंडू नेणारा एकटा पडलाय असं दिसलं की मात्र तो आधीच तिथे असतो. माझ्या वहीत ‘गेला नाही’ असा नवा रकाना पडला तो याच सामन्यामुळे. सामना २०११ ची फायनल, फ्रान्सविरुद्ध ८-७. पायाचं हाड मोडलेलं असताना तो पूर्ण खेळला. हे माहीत असून लंगडणं शोधत बसलो आणि तिसऱ्या मिनिटाला विसरून गेलो.

आठवडा १५

२०२३ ची फायनल, दक्षिण आफ्रिका १२, न्यूझीलंड ११. दक्षिण आफ्रिकेच्या पीटर-स्टेफ डू टॉयचे २८ टॅकल. आकडा मोठा आहेच, पण माझं लक्ष दोन टॅकलांच्या मधल्या तुकड्यावर होतं. पडलेला माणूस बचावात शून्य. एवढा उंच गडी खाली जातो आणि पुढच्या फेजला (चढाईच्या पुढच्या टप्प्याला) पुन्हा रांगेत उभा दिसतो.

हे मी स्वतःवर करून बघतोय. सरावातल्या टॅकलांचं फोनवर चित्रीकरण करतो आणि जमीन लागल्यापासून दोन्ही पायांवर उभं राहीपर्यंतची वेळ मोजतो. चौदाव्या आठवड्यात सरासरी चार सेकंद होती. आधी उठण्याचाच सराव केला, फरक पडेना. मग चित्रफीत हळू करून बघितली. खांदा लागला की माझे पाय थांबत होते, त्यामुळे समोरचा माझ्या अंगावर पडायचा आणि मी त्याच्याखाली. खांदा लागल्यावरही छोटी पावलं चालू ठेवली, तर मी वर आणि तो खाली. आता साधारण तीन सेकंद. उठण्याचा वेग पडायच्या आधीच ठरतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तुमच्यापैकी कोणी मोजलं असेल तर जरूर कळवा.

आठवडा १६

त्याच स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी, दक्षिण आफ्रिका २९, फ्रान्स २८. पहिल्या हाफमध्ये फ्रान्सच्या ट्रायनंतर (गोललाइनपलीकडे चेंडू टेकवणं म्हणजे ट्राय) थॉमस रामोसची कन्व्हर्जन किक, म्हणजे ट्रायनंतर मिळणारी दोन गुणांची किक. नियमानुसार किकर चेंडूकडे निघाला की गोललाइनमागच्या बचावाला धावता येतं. बहुतेक जण दोन पावलं पुढे टाकतात, रीत म्हणून. चेस्लिन कोल्बे दक्षिण आफ्रिकेचा विंगर (कडेने धावणारा गडी), छोट्या चणीचा. त्याचे डोळे रामोसवर खिळलेले, किकर हलला आणि हा सुटला. चेंडू हवेत चढायच्या आत कोल्बेचे हात त्यावर. दोन गुण गेले, आणि सामना एका गुणाने सुटला.

न्यूझीलंडच्या जोना लोमूने १९९५ च्या सेमीफायनलमध्ये इंग्लंडला चार ट्राय मारले ते बघून मी या खेळात आलो, आणि ते आजही बघतो. तशी ताकद दैवाने द्यावी लागते. रामोसच्या पावलाकडे बघत राहणं मात्र त्या रांगेतल्या कुणालाही जमलं असतं. केलं एकट्या कोल्बेने.

आठवडा १७

महिलांच्या वर्ल्ड कपची फायनल, ईडन पार्क, नोव्हेंबर २०२२. न्यूझीलंड ३४, इंग्लंड ३१, शेवटचे क्षण, इंग्लंडचा लाइनआउट ट्राय लाइनपासून पाचेक मीटरवर. इंग्लंडची हूकर (लाइनआउटमध्ये चेंडू फेकणारी) एमी कोकेनने तोवर तीन ट्राय मारले होते, अशा लाइनआउटनंतरच्या मॉलच्या जोरावर (चेंडू धरलेल्या खेळाडूभोवती घोळका करून, उभ्यानेच ढकलत पुढे जाणं म्हणजे मॉल). अशा वेळी उडी न मारता मॉल अडवायला जमिनीवर राहणं हा नेहमीचा सावध मार्ग. न्यूझीलंडची जोआना न्गान-वू उडाली आणि चेंडू हिसकावला. उडी चुकली असती तर मॉलसमोर एक माणूस कमी. हे ठरवायला तिला किती वेळ मिळाला असेल, ते फ्रेम फ्रेम करून बघतोय. अजून पत्ता लागलेला नाही.

पुढे फ्रान्सचा स्क्रम-हाफ आंत्वान द्युपाँ घ्यायचाय. दुसऱ्याने फट पाडली की हा आतल्या बाजूने हजर असतो, तो धावायला सुरुवात नेमकी केव्हा करतो हे टिपायचंय. फट पडल्यावर, की पडायच्या आधी? त्यासाठी मैदान पूर्ण दिसेल असं चित्रीकरण हवं, कारण टीव्हीचा कॅमेरा बहुतेक वेळा त्याच्यानंतरच पोचतो.