इंदूरहून गुलमर्गला स्कीइंग शिकायला: तंगमर्गचे १३ किलोमीटर आधी समजून घ्या

'सकाळी श्रीनगरहून निघा, दुपारी स्कीइंग करा, संध्याकाळी हॉटेलवर परत.' इंदुरात काश्मीरची सहल विकताना हे वाक्य हमखास ऐकायला मिळते. ती सहल घेऊ नका, त्यात स्कीइंग होतच नाही. श्रीनगर ते गुलमर्ग अंतर सुमारे ५० किलोमीटर. रस्ता कोरडा असेल तर दीड तास, ताजा बर्फ असेल तर तीन तासही लागतात. बूट आणि स्की भाड्याने घेऊन चढवण्यात आणखी एक तास जातो, आणि चार वाजले की ड्रायव्हर घाई करू लागतो. मुलांच्या वाट्याला जेमतेम तासभर उरतो. तेवढ्यात कोणीतरी कमरेला धरून शंभर फूट खाली सरकवतो आणि फोटो काढून पैसे मागतो. शिकायचेच असेल तर गुलमर्गमध्ये सलग चार रात्री राहा. तीन पुरत नाहीत, कारण एक दिवस खराब हवामानात वाया जातोच.

आता तंगमर्ग. गुलमर्गच्या अलीकडे १३ किलोमीटरवर हे गाव आहे आणि पुढचा सगळा रस्ता घाटाचा. बर्फ असला की चाकांना साखळ्या नसलेली गाडी पोलीस इथे थांबवतात. श्रीनगरहून 'गुलमर्ग ड्रॉप' म्हणून ठरवलेली टॅक्सी इथेच रिकामी होते आणि पुढे स्थानिक चेनवाली गाडी करावी लागते. नियम रास्त आहे. वळणावर साखळीशिवाय गाडी कशी आडवी होते ते एकदा पाहिले की त्याबद्दल तक्रार उरत नाही. तक्रार आहे ती पैशांची. गाडीचे भाडे ठरते, मग साखळीचे वेगळे, सामानाचे वेगळे. वर पोहोचल्यावर गाडी हॉटेलपर्यंत न जाता स्टँडवरच उभी राहते. तिथून बॅगा न्यायला हमाल आणि मुलांना बर्फावरच्या घसरगाडीवर बसवून ओढत न्यायला स्लेजवाले तयारच असतात. म्हणजे एकाच रस्त्याचे चार वेळा पैसे. बर्फात उभे असताना, मूल थंडीने रडत असताना घासाघीस होत नाही, आणि समोरच्यालाही ते ठाऊक असते.

यावर उपाय इंदूरहून निघण्याआधीच करायचा. गुलमर्गच्या हॉटेललाच तंगमर्गपर्यंत गाडी पाठवायला सांगा. 'साखळीसह, सामानासह, हॉटेलच्या दारापर्यंत, अमुक माणसे, एकूण इतके रुपये' हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या आणि परतीचेही त्यातच ठरवा. हॉटेल तयार नसेल तर तंगमर्गला दरांचा फलक आधी वाचा आणि गाडीत बसण्यापूर्वी एकच एकूण आकडा बोलून घ्या. गमबूट आणि जॅकेट 'वर मिळत नाहीत' म्हणून इथल्या दुकानांत भाड्याने गळ्यात मारतात. ते वरही मिळतात.

जम्मू-काश्मीरबाहेरचे प्रीपेड सिम तिथे चालत नाही. घरात एक तरी पोस्टपेड नंबर हवा, नाहीतर तंगमर्गला उभे राहून त्या हॉटेलच्या गाडीला फोनही लावता येणार नाही.

इंदूरहून जायचे दोन मार्ग. विमानाने दिल्लीमार्गे जाणार असाल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. जानेवारीत दिल्लीचे धुके आणि श्रीनगरचा बर्फ दोन्ही आडवे येतात. वेगवेगळी तिकिटे असली तर पहिल्या विमानाच्या उशिराचा भुर्दंड तुमच्यावर पडतो. दुसरा मार्ग रेल्वेचा. मालवा एक्स्प्रेस इंदूरहून थेट कटऱ्याला जाते आणि जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू आहे, तिला सुमारे तीन तास लागतात. मालवा दुसऱ्या दिवशी पोहोचते, तीही हिवाळ्यात उशिरा. म्हणून कटऱ्याला रात्र काढायचीच असे धरून चाला. आजी-आजोबा बरोबर असतील तर रेल्वे बरी, सुट्टी आठ दिवसांपेक्षा कमी असेल तर विमान.

तारखांच्या बाबतीत नाताळाची सुट्टी विसरा. २१ डिसेंबरला चिल्ले कलान, म्हणजे थंडीचे चाळीस दिवस, सुरू होतात. पण थंडी आली म्हणजे बर्फ आलाच असे नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार उघडे पडले होते. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीअखेर, हा त्यातल्या त्यात भरवशाचा काळ. स्पर्धेच्या तारखा टाळा, खोल्या मिळत नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ बुटांवर द्या. स्कीचा बूट बाहेरून कडक प्लास्टिकचा आणि आतून मऊ अस्तराचा असतो, त्याचे माप सेंटिमीटरमध्ये. घरीच टाच भिंतीला टेकवून कागदावर पाय ठेवा, अंगठ्याच्या टोकाशी खूण करा, अंतर मोजा आणि प्रत्येकाचा आकडा दुकानदाराला आधी कळवा, कारण मुलांचे बूट मोजकेच असतात. बूट चढवल्यावर ताठ उभे राहिले की बोटे पुढे किंचित टेकायला हवीत. गुडघे पुढे वाकवले की ती सुटायला हवीत. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. पायमोजा एकच, गुडघ्यापर्यंतचा. दोन मोजे घातले की बूट आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात. थर्मलची कड बुटात खोचू नका, नडगीवर वळ उठतात आणि दुसऱ्या दिवशी मूल बूट घालायला तयार होत नाही.

बूट स्कीला धरून ठेवते ते बाइंडिंग. पडल्यावर ते सुटलेच पाहिजे, नाहीतर गुडघा पिळवटतो. किती जोर पडल्यावर ते सुटेल हे ठरवणारा एक आकडा त्यावर दिसतो. लहान मुलांसाठी तो साधारण १ ते ३ च्या दरम्यान असतो. आधीच्या मोठ्या माणसासाठी लावलेला आकडा तसाच ठेवून स्की मुलाच्या हाती देण्याची ढिलाई होते. वजन सांगा आणि तुमच्यासमोर स्क्रू फिरवून घ्या. पाय अडकवण्याआधी बुटाच्या तळव्याचा बर्फ काठीने खरवडून काढा. तो राहिला तर बाइंडिंग अर्धवट बसते आणि भलत्या वेळी सुटते.

इंदूरच्या राजवाड्याच्या बाजारातले लोकरीचे हातमोजे फक्त हॉटेलात घालायला. बर्फात ते दहा मिनिटांत भिजतात. हातमोजे जलरोधकच हवेत, प्रत्येकी दोन जोड. अंगाला लागून सुती कपडा नको. हेल्मेट आणि गॉगल भाड्याने चांगले मिळतील याची खात्री धरू नका, मुलांसाठी तर नाहीच.

प्रशिक्षक घेताना पर्यटन खात्याचे नोंदणीपत्र पाहा, आणि पूर्ण दिवसांसाठीच ठरवा. पहिल्या दिवशी सपाटीवर एकाच स्कीवर चालणे, उताराला आडवे उभे राहून एकेक पाऊल चढणे, पडून उठणे आणि टाचा बाहेर ढकलून थांबणे, एवढेच. दुसऱ्या दिवशी वळणे. ओढून वर नेणाऱ्या लिफ्टला तिसऱ्या दिवशी हात लावा. तिच्यावर बसायचे नसते, ओढू द्यायचे असते. बसले की पडलेच.

पहिले तीन दिवस गंडोलाचे, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या केबल कारचे, तिकीट लागतच नाही, कोणी कितीही गळ घातली तरी. फेरफटक्यासाठी हवे असेल तर अधिकृत ऑनलाइन तिकीट बरेच दिवस आधी काढा. पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत, तो घरच्यांसाठी ठीक. दुसरा टप्पा अफरवटवर, सुमारे ३,९५० मीटर उंचीवर नेतो. नवख्यांनी तिथे स्की घेऊन जाऊ नये, हे ठाम मत आहे. वरचा बराचसा भाग न दाबलेल्या बर्फाचा असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या उतारावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटूंचा मृत्यू झाला. ५५० मीटरवरच्या इंदूरहून आलेल्या मुलांना पहिल्या दिवशी नुसते बघायलाही वर नेऊ नका, डोके धरून बसतात.

परतीच्या दिवशीच श्रीनगरचे विमान धरू नका. सकाळी तंगमर्गच्या घाटात काचेसारखा बर्फ असतो, आणि रात्री जोराची बर्फवृष्टी झाली असेल तर मशीन रस्ता साफ करेपर्यंत गाडी सुटत नाही. मधली एक रात्र श्रीनगरला ठेवा. विमानतळाच्या अलीकडे चौकीवर सगळ्यांना सामानासकट उतरवून तपासतात आणि आतही तपासणी होते. विमानाच्या तीन तास आधी त्या चौकीवर पोहोचा.