सार्कोफागेन: दगडी शवपेटीवर चढून आलो

ऑगस्टच्या सुरुवातीला स्वालबार्डला, म्हणजे नॉर्वेच्या उत्तर ध्रुवाकडच्या बेटांवर जाऊन आलो, तिथलं मुख्य गाव लाँगियरब्येन म्हणजे जवळपास ७८ अंश उत्तर, रात्री बारालाही ऊन, झोपेचं पार खोबरं. तिथे सार्कोफागेन नावाची डोंगरधार आहे, दोन हिमनद्यांच्या मधोमध, एका बाजूला लाँगियरब्रेएन आणि दुसऱ्या बाजूला लार्सब्रेएन. उंची जेमतेम पाचशे मीटर, आपल्या राजमाचीपेक्षाही कमी, पण पायाखाली सगळा सुटा दगड त्यामुळे दम काढते.

नावाचा अर्थ दगडी शवपेटी, आणि गावातून बघितलं की आकार खरंच तसा दिसतो. मी गाईडला 'सार्कोफागेन माउंटन' म्हणत होतो, प्लाटोफ्येलेट या शेजारच्या डोंगराला पण 'प्लाटोफ्येलेट माउंटन'. तो हसला. 'फ्येलेट' म्हणजेच डोंगर, 'ब्रेएन' म्हणजे हिमनदी, 'डालेन' म्हणजे दरी. म्हटलं हसू नको बाबा, आम्ही पण 'सह्याद्री पर्वत' म्हणतोच की, अद्री म्हणजे पर्वतच! (स्वालबार्डमधल्याच नी-ओलेसुंद या वस्तीत २००८ पासून आपलं संशोधन केंद्र आहे त्याचं नाव 'हिमाद्री', तिथे मात्र अद्री शोभतो.) तर या तीन शेपट्या पाठ करून जा, नकाशा अर्धा तिथेच कळतो.

मला जास्त विचित्र वाटलं ते हे की इथे मूळ रहिवासी कधी नव्हतेच. आपल्याकडे कातळाला, खिंडीला गुराख्यांनी नावं दिलीत, इथे सगळी नावं बाहेरून आलेल्यांची. १५९६ ला बॅरेंट्स या डच दर्यावर्दीने टोकदार डोंगर बघितले म्हणून मुख्य बेटाचं नाव स्पिट्सबर्गन, १९०६ ला लाँगियर नावाच्या अमेरिकन माणसाच्या कंपनीने कोळसा काढायला घेतला म्हणून गाव त्याच्या नावाचं, आणि हिमनदी पण!

आता कामाचं. स्वालबार्ड शेंगेनमध्ये (युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात) नाही, म्हणजे ओस्लोहून गेलात की तुम्ही शेंगेनच्या बाहेर, त्यामुळे परत यायला डबल एंट्री व्हिसा लागतोच, सिंगलवर अडकाल. गावाबाहेर पांढऱ्या अस्वलांचा धोका खरा आहे, बंदूकवाल्या गाईडशिवाय जाऊ नका, पैसे वाचवायची ही जागा नाही. आम्ही गावाच्या वरच्या टोकाच्या नीब्येन वस्तीतून मोरेनवरून (हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीच्या ढिगावरून) चढलो आणि लाँगियरब्रेएनवरून उतरलो, पाचेक तास लागले, बर्फावर बुटांना काटे लावायचे ते गाईडनेच दिले. घोट्यापर्यंतचे बूट घ्या, मी कमी उंचीचे घातले आणि वितळलेल्या पाण्याचा ओढा पार करताना मोजे चिंब, मग पुढचे दोन तास बोटं बधीर.

उतरताना मोरेनमध्ये पानांचे जीवाश्म बघायला थांबा, साधारण ६ कोटी वर्षांपूर्वी इथे चक्क जंगल होतं, दगड उलटला की पानाच्या शिरा दिसतात! मी अर्धा तास तिथेच बसलो, गाईड वैतागला. जुन्या खाणींचं लाकूड, खिळे मात्र उचलू नका, १९४६ च्या आधीचं सगळं संरक्षित आहे.

आणि हो, हॉटेलात दाराशीच बूट काढायची पद्धत आहे, खाणकामगारांच्या काळापासूनची, तेव्हा कोरड्या मोज्यांचा एक जोड बॅगेत वरच ठेवा.