शनिवारी दुपारी मी फोन का उचलत नाही?

पुण्याहून किंवा सांगलीहून कुणाचाही फोन आला की हा प्रश्न ठरलेला असतो. कॉलेजच्या पोरांच्या खेळात असं काय आहे की सप्टेंबर लागला की तुम्ही शनिवारी कुणाच्या हाती लागत नाही? परवा थोरल्या वहिनींनी पुन्हा विचारलं. वहिनी, तुम्ही विचारलंत म्हणून नीट लिहूनच काढतो.

मी राहतो ते अ‍ॅन आर्बर हे मिशिगन विद्यापीठाचं गाव. अमेरिकन फुटबॉलच्या इथल्या मैदानाला सगळे ‘बिग हाऊस’ म्हणतात. १९२७ साली बांधलेलं हे स्टेडियम बाहेरून फार उंच दिसत नाही, कारण बराचसा भाग जमिनीखाली आहे. दारातून आत गेलात की तुम्ही वरच्या कडेला उभे असता आणि खाली उतरत जाणारी १,०७,६०१ माणसांची जागा एकदम समोर येते. सामन्याच्या दिवशी ती भरलेली असते. आणि खाली जे खेळतात ते कोण, तर आठवडाभर याच गावात वर्गात बसणारी विशी-बाविशीतली मुलं.

पण खरं कारण गर्दी नाही. खरं कारण आहे सामन्यांची संख्या. नियमित सीझनमध्ये सामने फक्त बारा! २०१५ च्या आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्सने पहिले चारही सामने गमावले आणि शेवटी चषकही उचलला. इथे ते शक्यच नव्हतं. २०२३ पर्यंत राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफला सबंध देशातून चारच संघ घेत. एक हरलात तर जीव टांगणीला, दोन हरलात तर बहुतेक खेळ खलास. त्या वर्षी फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा संघ विभागाच्या अंतिम सामन्यासकट १३ पैकी १३ सामने जिंकला, तरी निवड समितीने त्याला घेतलं नाही. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा मुख्य खेळाडू, जखमी झाला होता, एवढ्यावरून! मला तो निर्णय आजही पटत नाही.

तोच २०२३ चा सीझन आमचा. २०२० च्या कोरोनामुळे आखूड झालेल्या सीझनमध्ये मिशिगनने सहापैकी चार सामने गमावले होते. पुढची दोन वर्षं आमच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याला, ओहायो स्टेटला हरवून प्लेऑफ गाठली, पण दोन्ही वेळा उपांत्य फेरीतच गाडी अडली. २०२२ च्या अखेरीस चेंडू घेऊन पळणाऱ्या आमच्या ब्लेक कोरमचा गुडघा दुखावला. व्यावसायिक लीगची दारं उघडी असताना तो आणखी एका वर्षासाठी विद्यापीठात थांबला. त्याच्या बरोबरीचे बरेच जण थांबले.

मग ऐन सीझनमध्ये प्रकरण निघालं. प्रतिस्पर्ध्यांचे मैदानावरचे इशारे नियम मोडून टिपल्याचा आरोप संघाच्या एका कर्मचाऱ्यावर आला. पेन स्टेटविरुद्धच्या सामन्याच्या आदल्या दिवशी मुख्य प्रशिक्षक जिम हारबॉ यांच्यावर तीन सामन्यांची बंदी आली. संघ तेव्हा परगावी निघालेला. दुसऱ्या दिवशी सहायक प्रशिक्षक शेरॉन मूर यांनी धुरा घेतली. उत्तरार्धात मिशिगनच्या खात्यावर पासचा, म्हणजे चेंडू पुढे फेकण्याचा, एकही प्रयत्न नोंदला गेला नाही. चेंडू हातात घ्यायचा आणि समोरच्या भिंतीत घुसायचं, पुन्हा घुसायचं. २४-१५ ने जिंकल्यावर मूर कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडले. जे घडलं ते चूकच होतं. २०२५ मध्ये कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने मोठा दंड केला, प्रशिक्षकांवर बंदीही घातली, विजय मात्र काढून घेतले नाहीत. माझ्या लेखी त्या मुलांनी अंगमेहनतीने मिळवलेलं त्यांचंच आहे.

आता २५ नोव्हेंबर, वहिनी. ओहायो स्टेट बिग हाऊसमध्ये, दोन्ही संघ अकराच्या अकरा सामने जिंकून आलेले. तिसऱ्या क्वार्टरमध्ये १७-१७ अशी बरोबरी. तेवढ्यात आमचा झॅक झिंटर, आघाडीच्या फळीतला ६५ नंबरचा गार्ड, खाली पडला. पाय मोडला होता. सगळा संघ त्याच्याभोवती गोळा झाला, लाखभर माणसं गप्प. त्याला गाडीवरून बाहेर नेलं आणि लगेचच्याच प्लेला कोरमने चेंडू घेतला, २२ यार्ड पळत थेट टचडाऊन केला (म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेला) आणि बोटांनी सहा आणि पाच दाखवले. गार्ड आयुष्यभर चेंडूला हात न लावता दुसऱ्यासाठी वाट मोकळी करतो. स्कोअरबोर्डवर त्याचं नाव कधी येत नाही. त्या दिवशी ते आलं, असं मी मानतो. ३०-२४ अशी आमची आघाडी असताना शेवटच्या अर्ध्या मिनिटात रॉड मूरने ओहायोचा पास मधल्यामध्ये झेलला आणि सामना संपला.

पुढचं भराभर सांगतो. रोझ बोल या उपांत्य सामन्यात अलाबामाला जादा वेळेत २७-२० ने हरवलं. गोलरेषेपासून तीन यार्डांवरून त्यांचा शेवटचा प्रयत्न आमच्या बचावफळीने अडवला. ८ जानेवारी २०२४ ला ह्यूस्टनमध्ये अंतिम सामन्यात वॉशिंग्टनला ३४-१३ ने नमवलं. पंधरा सामने, पंधरा विजय. आणि त्या महिन्याअखेरीस हारबॉ व्यावसायिक लीगमध्ये गेले, कोरम आणि क्वार्टरबॅक मकार्थीही गेले. इथे संघ असाच विरतो. मुलांच्या हाती मोजकी वर्षं, त्यांतल्या प्रत्येक वर्षी मोजके शनिवार. त्यांतला एकही मला चुकवावासा वाटत नाही.

२०२४ मध्ये प्लेऑफ बारा संघांची झाली. आमचा मोडका संघ पाच पराभव घेऊन कोलंबसला गेला आणि ओहायो स्टेटला त्यांच्याच मैदानात १३-१० ने हरवून आला. तरीही राष्ट्रीय विजेतेपद शेवटी ओहायोनेच नेलं, सीझनमध्ये दोनदा हरूनसुद्धा. फ्लोरिडा स्टेटसारखा अन्याय आता सहसा होणार नाही, हे चांगलंच. पण नोव्हेंबरातल्या एका शनिवारचं वजन यामुळे हलकं झालं, आणि ते मला मनापासून खटकतं.