जिम न लावता एमएमए? तुम्ही विचारलंत म्हणून

'आमच्याकडे एमएमएची जिम नाही, पुण्या-मुंबईची परवडत नाही. घरीच सुरू केलं तर जमेल का?' तालमीत येणारी पोरं हे विचारतात, त्यांचे वडील विचारतात, आणि मी कधीकाळी कुस्ती खेळायचो एवढंच आठवणारे पाहुणे लग्नाच्या पंगतीतही विचारतात. तर सांगतो. एमएमए म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती, गळ्याचे डाव सगळं एकत्र चालणारी लढत. तिला जिमशिवाय भागेल, जोडीदाराशिवाय भागणार नाही.

जिम या प्रकाराचं फार दडपण घेऊ नका. यूएफसी ही एमएमएची सगळ्यात मोठी स्पर्धा. ती सुरू करणाऱ्यांपैकी रॉरियन ग्रेसी हा त्याआधी कॅलिफोर्नियात स्वतःच्या गॅरेजमध्ये मॅट टाकून जिजुत्सू, म्हणजे जमिनीवर पकडून हार मानायला लावायची कला, शिकवायचा. १२ नोव्हेंबर १९९३ ला डेन्व्हरला पहिली स्पर्धा झाली, तेव्हा वजनगट नव्हते. त्याचा धाकटा भाऊ रॉयस अंगाने बेताचाच, पण एका रात्रीत तिघांना हार मानायला लावून त्याने ती जिंकली.

गॅरेज नसेल तुमच्याकडे, पण कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या पट्ट्यात राहत असाल तर जवळपास तालीम असणारच. पहिले सहा महिने तिथेच घाला असं माझं स्पष्ट मत आहे. ठोसे नंतर. जोर-बैठका, सपाट्या तुम्ही घरीही माराल, पण दुसऱ्याचं वजन मानेवर घेऊन धाप लागलेली असताना उभं राहायला घरी कोण शिकवणार? पकड, पट काढणं म्हणजे पायात घुसून पाडणं, आलेला पट तोडणं, खाली गेल्यावर समोरच्याला दाबून ठेवणं, हे सगळं एमएमएच्या पिंजऱ्यात, म्हणजे जाळीच्या रिंगणात, जसंच्या तसं लागतं. वस्तादांना मात्र पहिल्याच दिवशी एमएमए वगैरे सांगत बसू नका. 'मारामारी शिकायचीय होय?' म्हणून ते तुम्हाला हौदा, म्हणजे कुस्तीची माती, खणायला लावतील. तेही वाईट नाही म्हणा, खांदे तयार होतात.

तालमीची एक सवय मात्र पुढे मोडावी लागते. मातीत पाठ टेकली की कुस्ती गेली, त्यामुळे पैलवान पडता पडता पोटावर वळतो. विचार करून नाही, अंगच वळतं. एमएमएत पोटावर वळलात की पाठ समोरच्याच्या ताब्यात जाते आणि त्याचा हात हनुवटीखालून गळ्यात शिरतो. उलट पाठीवर राहून, त्याला दोन पायांच्या मधे अडकवून बराच वेळ लढता येतं. शिवाय कुस्तीत गळा आवळायला बंदी, म्हणून पट काढताना मान उघडी पडली तरी कुणी टोकत नाही. इथे तीच मान आधी जाते. यूएफसीत उतरलेला पहिला भारतीय भरत खंडारे आपल्या महाराष्ट्राचा, कुस्तीतूनच वर आलेला. नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला पहिल्याच फेरीत सोंग यादोंगने त्याला गिलोटिनमध्ये, म्हणजे पुढून गळा आवळून, हरवलं. म्हणून पट काढताना डोकं वर, छाती ताठ, कान समोरच्याच्या बरगड्यांना चिकटलेला. हे तालमीतल्या जोडीदाराबरोबरच रोज घोटून घ्या.

एकट्याने करायचं ते घरी. गच्चीवर मोबाईलचा टायमर पाच मिनिटांवर लावा, कारण फेरी पाच मिनिटांची असते. शॅडो बॉक्सिंग करा आणि मधेच कुणीतरी पायात घुसलं असं धरून दोन्ही पाय मागे फेकून द्या. याला स्प्रॉल म्हणतात. बहुतेक पोरं इथे पुशअपसारखे तळहातांवर थांबतात. तसं नको. कंबर खाली पडली पाहिजे, मांड्या जवळजवळ जमिनीला लागल्या पाहिजेत, म्हणजे तुमचं वजन समोरच्याच्या खांद्यावर येतं. लगेच उठायचं आणि पुन्हा ठोसे. दुसऱ्या मिनिटातच कळतं आपण किती पाण्यात आहोत.

बॅग विकत नाही घेतली तरी चालते. गोणीत वाळू भरू नका, ती तळाशी बसून दगड होते आणि मनगट जातं. शिंप्याकडून चिंध्या आणा, ठासून भरा. हाताला पट्टी गुंडाळल्याशिवाय एकही ठोसा मारायचा नाही. खर्च करायचाच तर माउथगार्डवर करा, तो जुना किंवा दुसऱ्याचा वापरता येत नाही.

आता जोडीदाराचं. गळ्याचे डाव घटवताना रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर दहाएक सेकंदांत माणूस बेशुद्ध होऊ शकतो. जोडीदाराने 'हरलो' म्हणून हाताने थोपटलं की सोडायचं, त्याच क्षणी, 'अजून थोडं बघू' नाही. ज्याला हे पटत नाही तो कितीही जिवलग मित्र असो, त्याच्याबरोबर सराव करू नका. टाच पिळायचे डाव घरच्या घरी अजिबात नकोत. गुडघा आधी फाटतो, दुखायचं नंतर कळतं. आणि डोक्यावर ठोसे मारायचा सराव जाणत्या कोचसमोरच. दोन मित्र, दोन ग्लोव्ह्ज आणि यूट्यूब एवढ्या भांडवलावर डोकं पणाला लावायची हौस मला पटत नाही. ते शिकायला बॉक्सिंगचा कोच शोधा. महिन्यातून दोनदा त्याच्याकडे जाता आलं तरी पुष्कळ.

मुलींचे वडील विचारतात तेव्हा मी तालमीऐवजी जुदो सांगतो, कारण बऱ्याच तालमींत मुलींना अजून जागा नाही. जुदोत पडायचं कसं हे आधी शिकवतात, गळ्याचे डावही असतात, म्हणजे कुस्तीत राहून गेलेलं तिथे मिळतं. वुशू हा चिनी लढतीचा खेळही चालेल. जून २०२४ मध्ये यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय पूजा तोमर वुशूतूनच आली. जिल्हा क्रीडा संकुलात चौकशी करा, पण फोनवर नको. संध्याकाळी स्वतः जा, मॅटच्या कडेला अर्धा तास बसा, आणि कोच नवख्या पोरीला कुणाबरोबर जोडी लावून देतो ते बघा. रांगड्या, दुप्पट वजनाच्या पोराबरोबर लावत असेल तर दुसरी बॅच शोधा.