न्यू पॅलेसमधल्या बंदुका आणि मामांची वीत

परवाच्या रविवारी मामांना घेऊन कोल्हापूरच्या न्यू पॅलेसला गेलो. मामा मराठा लाइट इन्फंट्रीतनं रिटायर झालेत, मी कॉलेजात एनसीसीला थ्री नॉट थ्री रायफल चालवलेली, त्यामुळं मेजर मँटनं आखलेली 1884 ची ती काळ्या दगडाची इमारत, घड्याळाचा टॉवर, आवारातली हरणं सगळं भराभर बघून आम्ही थेट शस्त्रांपाशी. आत फोटो काढू देत नाहीत ते एका अर्थी बरंच, डोळ्यांनी नीट बघणं होतं.

एका लांब बंदुकीपाशी मामा थांबले. "आधी पट्टं मोज रं." नळी लाकडाला बांधून ठेवणारे पट्टे, तीन होते. 1853 पॅटर्नच्या एनफिल्ड ह्या इंग्रजी बंदुकीची हीच खूण, नुसती नळीच 39 इंच, पायदळासाठी. घोडेस्वाराला एवढं लांबडं धूड कसं आवरणार, म्हणून 1856 ची कार्बाइन आली, तिची नळी 21 इंच. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते म्हणजे तिचा बार ठासायचा गज, तो तोंडापाशी बिजागरीनं अडकवलेला असतो, कारण दौडत्या घोड्यावर बार ठासताना हातातनं निसटला की संपलंच की सगळं!

संगिनीचंही तसंच. एनफिल्डची तीनधारी, खिळ्यासारखी भोसकायची, तर थ्री नॉट थ्रीची 1907 ची संगीन म्हणजे सरळ तलवारच, 17 इंच पातं. मामांनी हवेत वीत टाकून दाखवली, जवळपास दोन विती.

मग मी मामांना 1857 चं सांगितलं. 31 जुलैला इथंच कोल्हापुरात 27व्या बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीचे शिपाई उठले होते. त्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांना दिल्या त्या बंदुका बाहेरून हुबेहूब एनफिल्ड, पण नळी आतनं गुळगुळीत, गोळीला फिरकी देणारे आटेच नाहीत, म्हणजे लांबचा नेम लागणारच नाही. ज्यांनी ह्यांच्यासाठी जीव द्यायचा त्यांच्याच हातात मुद्दाम कमी बंदूक, हे मला आजही सहन होत नाही.

मामा काही बोलले नाहीत. परत त्या तीन पट्ट्यांच्या बंदुकीपाशी गेले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि काचेतनं नळीच्या तोंडात बघत राहिले, आटे दिसतात का म्हणून. मीही वाकलो. आत नुसता अंधार होता.