भरायची राहिलेली जागा

मिरजेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि जोडणीचं छोटं दुकान आहे. रविवारी मी दुकान उघडत नाही, पण त्या रविवारी सकाळी साडेआठलाच फोन वाजला. पलीकडून मामा बोलत होते. कुपवाड एमआयडीसीत लेथवर काम करणारे हे गृहस्थ. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी माझ्याकडून दोन कॉम्प्युटरचे सुटे भाग नेले होते. एक मोठ्या मुलीला, एक धाकट्या मुलाला. "दादा, रविवार हाय, माहिताय मला. पण आज दुपारी पोरीची बँकेच्या परीक्षेची टेस्ट हाय ऑनलाइन, आणि घरात भांडणं लागल्यात. तुमीच या."

जाताना वाटेत मला एकाच गोष्टीची धास्ती होती, ती म्हणजे त्या दोन मदरबोर्डांची, कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्यावर जोडले जातात त्या पाट्यांची.

बोर्ड मीच दिले होते. एच६१ चिपसेटचे, नाव फारसं कुणी ऐकलेलं नाही अशा कंपनीचे. चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप, आणि एच६१ हा इंटेलचा २०११ सालचा चिपसेट. नावाजलेल्या कंपन्यांनी त्यावरचे बोर्ड काढणं केव्हाच बंद केलं, पण त्या बोर्डांच्या सॉकेटात, म्हणजे प्रोसेसरच्या खाचेत, बसणारे प्रोसेसर बाजारात पोत्यानं पडून आहेत. ऑफिसांमधले जुने कॉम्प्युटर मोडीत निघतात, त्यातला प्रोसेसर हजार-बाराशेत मिळतो, आणि प्रोसेसर सहसा मरत नाही. मरतो तो बोर्ड. म्हणून असे नवे, स्वस्त, अनोळखी बोर्ड निघतात. दोन हजारांच्या आसपास बोर्ड, त्यात जुना आय५, आठ जीबी डीडीआर३ रॅम, एक एसएसडी, की घरात कामाचा कॉम्प्युटर उभा राहतो. एका पगारात दोन मुलांना दोन कॉम्प्युटर द्यायचे असतील तर दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही. म्हणून असे बोर्ड विकायची मला लाज नाही. पण डोळे मिटून मी ते विकत नाही.

पहिली शंका येते ती प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाची. आय५-२४०० हा ९५ वॅटचा प्रोसेसर. कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून, एसएमपीएसमधून, येणारे १२ व्होल्ट बोर्डावर उतरून साधारण सव्वा व्होल्टवर येतात. म्हणजे पूर्ण भाराला पाऊणशे अँपिअरच्या पुढे करंट बोर्डावरच्या इवल्या मॉस्फेटांतून, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या भागांतून, जातो, आणि या बोर्डांवर त्यांना उष्णता ओढून घेणारा हीटसिंकसुद्धा नसतो. म्हणून मी मामांना ७७ वॅटचा आय५-३४७० दिला होता. कॅबिनेटला मागे एक जादा पंखा लावायला सांगितला होता. जोडणी त्यांनी स्वतः केली, माझ्याच दुकानात बसून, दोन रविवार. चाळीस वर्षं काम केलेला तंत्रज्ञही स्क्रू इतक्या जपून आवळणार नाही. बोर्डाखालचा प्रत्येक पितळी खांब बोटानं फिरवून बघत होते, एकसारखा बसलाय का म्हणून.

घरी पोचलो तर आधी भिंतीवरचा कागद दिसला. वहीचं पान, त्यावर स्केचपेननं वेळापत्रक: सकाळी सहा ते नऊ ताई, नऊ ते बारा धाकटा, आणि असंच पुढं. दोन कॉम्प्युटर असलेल्या घरात कॉम्प्युटरच्या पाळ्या लावलेल्या. कारण विचारलं तर दोघं एकदमच बोलायला लागली. दोन्ही चालू असले की नेट तुटतं. पान अर्धं उघडून थांबतं, टेस्टच्या मध्येच गोल फिरायला लागतं. ताईचं म्हणणं, हा गेम लावतो. धाकट्याचं म्हणणं, मी लावतच नाही. इंटरनेटवाल्यांचा माणूस तीनदा येऊन गेला, प्लॅन वाढवा म्हणाला. ४० एमबीपीएसचा १०० केला. काही फरक नाही. मग मामांनी कागद लावला आणि त्रास थांबला, त्यामुळे "लोड होतोय" या निष्कर्षावर सगळ्यांचं एकमत झालं.

मी दोन्ही कॅबिनेट उघडली. बोर्डांवर काळं पडलेलं काही नाही, कपॅसिटर सपाट, म्हणजे फुगलेले नाहीत, पंखे चालू. आतल्या तपमानाचे आकडे बघितले, पन्नाशीतच. केबलची दोन्ही टोकं तपासली, एक नव्यानं क्रिंप केली. लॅनचा, म्हणजे केबलनं नेट घेणाऱ्या भागाचा, ड्रायव्हर (तो चालवणारं सॉफ्टवेअर) काढून परत टाकला. एकेकटा कॉम्प्युटर लावला की वेग पूर्ण शंभर. दोन्ही लावले की गडबड. पिंग म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का ते बघणं. राउटरपर्यंतचा पिंग एका मिलिसेकंदात परत येत होता, क्वचित एखादा चुकायचा. त्यामुळे केबल आणि लॅन पोर्ट ठीक आहेत असं धरून मी पुढे गेलो. बाहेरच्या सर्व्हरला पिंग लावला तर चार उत्तरं येत, मग तीन गायब, मग दोन येत, मग पाच गायब. एव्हाना साडेदहा वाजले होते. ताई दारात उभी होती. टेस्ट दोनला होती.

चहा घेऊन आलेल्या मामींनी एक गोष्ट सांगितली. ती बाकी कुणाच्या बोलण्यात आली नव्हती. म्हणाल्या, "परवा ह्यो तर घरात पण नव्हता. याचं मशीन नुसतं चालू ऱ्हायलं होतं. तरी हिचं बंद पडलं. मी बटण बंद केलं तवा हिचं चालू झालं."

समोर माणूसच नाही, तर मग लोड कसला? नुसतं चालू असलेलं मशीन फार तर अधूनमधून काही पाठवतं. तेवढ्यानं शंभरचा प्लॅन बसत नाही. म्हणजे ही दोन मशीनं नेट कमी पडल्यानं भांडत नव्हती, कारण दुसरंच काही होतं.

मी राउटरच्या पानावर गेलो. जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली. मामांचा फोन, मामींचा फोन, ताईचा फोन आणि एक कॉम्प्युटर. दोन्ही कॉम्प्युटर चालू, दोन्ही केबलवर, आणि यादीत एकच! नाव धाकट्याच्या मशीनचं. ताईचं मशीन बंद करून परत चालू केलं, तर त्याच ओळीत आता ताईच्या मशीनचं नाव आलं आणि धाकट्याचं गेलं.

दोन्हीकडे कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा मशीनचा पत्ता, बघितला. दोन्हीकडे तोच, शेवटचा आकडा चार. कुणी हातानं आयपी टाकला असेल म्हणून तपासलं, तर नाही, राउटरनंच दिलेला. आणि दोन मशीनना एकच आयपी गेला तर विंडोज ओरडतं, तसा इशारा कुठंच नव्हता. मग मी एक ओळ वर बघितली, जिथं लॅनचा कायमचा क्रमांक असतो, ज्याला मॅक अ‍ॅड्रेस म्हणतात.

मी ताईच्या खोलीत बसलो आणि धाकट्याला त्याच्या स्क्रीनवरचा क्रमांक मोठ्यानं वाचायला सांगितलं. भिंतीपलीकडून आवाज आला: शून्य शून्य, ई शून्य, चार सी. इथपर्यंत मला नवल नव्हतं. पहिल्या सहा खुणा चिप बनवणाऱ्या रिअलटेकच्या, त्या लाखो बोर्डांवर सारख्याच असतात. पण तो पुढच्या सहा वाचत गेला आणि माझं बोट ताईच्या स्क्रीनवर त्याच्या आवाजाबरोबर सरकत गेलं. एकही खूण चुकली नाही. मी उठून त्याच्या खोलीत जाऊन स्वतः बघितलं. परत येऊन परत बघितलं. बाराच्या बारा खुणा त्याच.

पंधरा वर्षं हे काम करतोय. एकाच क्रमांकाची दोन मशीनं मी समोरासमोर कधी बघितली नव्हती. शेवटच्या सहा खुणांतून १,६७,७७,२१६ वेगवेगळे क्रमांक तयार होतात, ते संपल्यावर कंपनीला पहिल्या सहा नव्या खुणा मिळतात. कारखान्यात बोर्ड तयार झाला की प्रत्येकावर पुढचा क्रमांक लिहायचा, एवढंच काम. इथं तो लिहिलाच नव्हता. एकच नमुना सगळ्यांत उतरवून माल बाहेर पाठवला होता.

मग सगळ्याचा उलगडा झाला. राउटर आयपी देतो तो या क्रमांकावरून, म्हणून दोघांना एकच आयपी. इशारा आला नाही, कारण विंडोज दुसऱ्या क्रमांकाचं मशीन तोच आयपी वापरतंय का हे बघतं, आणि इथं दुसरा क्रमांकच नव्हता. राउटरमधला स्विच, म्हणजे केबल लावायच्या भोकांमध्ये वाहतूक वळवणारा भाग, कोणता क्रमांक कोणत्या भोकात आहे हे लक्षात ठेवतो. ताईच्या मशीननं काही पाठवलं की तो क्रमांक तिच्या भोकात, क्षणात धाकट्याचं मशीन काही बोललं की त्याच्या. सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत वाट बदललेली असायची, उत्तर भलत्याच मशीनकडे जायचं आणि ते मशीन आपलं नाही म्हणून टाकून द्यायचं. राउटरचा पिंग मला फसवत होता तोही यामुळंच. इतक्या जवळचं उत्तर वाट बदलायच्या आत परत यायचं.

मामांना मी हे सांगायला लागलो तर त्यांनी मध्येच थांबवलं. "म्हणजे दोन्ही जॉबवर एकच नंबर पंच झालाय?" जॉब म्हणजे लेथवरचा घडवायचा भाग. मी म्हटलं, हो, तेच. ते बराच वेळ बोर्डाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडं कास्टिंगवर हीट नंबर असतोय. कुठल्या भट्टीतला माल, कळायला. वर आमचा नंबर वेगळा. नंबर नसला तर इन्स्पेक्शनवाला हात पण लावत न्हाई जॉबला."

मला ऐकताना बोचलं, कारण मी या बोर्डांचं इन्स्पेक्शन केलं होतं. जोडणीच्या दिवशी बायोस, म्हणजे बोर्डातलंच सुरुवातीचं सॉफ्टवेअर, आणि सिस्टिमची माहिती उघडून बघितली होती. तिथं बोर्डाचा सीरियल नंबर लिहायच्या जागी इंग्रजीत एक वाक्य होतं. त्याचा अर्थ असा की ही जागा बोर्ड बनवणाऱ्यानं भरायची आहे. बायोस लिहिणारी कंपनी रिकाम्या फॉर्मसारखं हे वाक्य ठेवते, आणि स्वस्त बोर्डांवर ते तसंच राहिलेलं मी शेकडो वेळा पाहिलंय. त्यानं काही बिघडत नाही म्हणून सोडून देत आलो. ज्यानं ती जागा भरली नाही, त्यानं आणखी काय काय भरायचं सोडलं असेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

तात्पुरता इलाज पाच मिनिटांचा. डिव्हाइस मॅनेजरमधून लॅनच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' पानावर नेटवर्क अ‍ॅड्रेसच्या जागी धाकट्याच्या मशीनला नवा क्रमांक टाकला. असा हातानं दिलेला क्रमांक घेताना दुसरी खूण २, ६, ए किंवा ई यांपैकी ठेवायची, म्हणजे कुठल्या कंपनीच्या क्रमांकाशी तो भिडत नाही. मशीन परत चालू केलं. राउटरच्या यादीत दोन ओळी आल्या. दोन्हीकडे बाहेरचा पिंग लावून आम्ही पाचही जण बघत बसलो. पाच मिनिटांत एकही उत्तर गायब झालं नाही. ताईची टेस्ट दोनला सुरू झाली आणि चारला संपली, धाकट्याचं मशीन शेजारच्या खोलीत चालू ठेवून. तसं ठेवायचा हट्ट तिचाच होता.

पण विंडोज परत टाकलं की हा क्रमांक पुसला जाणार. बोर्ड बदलून द्यायचं मी म्हटलं आणि दुकानात जाऊन त्याच लॉटमधले उरलेले तीन बोर्ड खोक्यातून काढून टेबलावर चालू केले. तिन्हींवर तोच क्रमांक. होलसेलवाल्याला फोन केला, तो म्हणाला, "बोर्ड चालतोय ना?" त्याला मी जे सांगायचं ते सांगितलं. तीन बोर्ड परत पाठवले. संध्याकाळी मामांच्या घरी जाऊन धाकट्याच्या बोर्डावरच्या छोट्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये वेगळं लॅन कार्ड बसवलं. त्याचे पैसे घेतले नाहीत. कार्डावर त्याचा क्रमांक छापलेली चिठ्ठी होती. मामांनी ती चष्मा लावून वाचली आणि ताईच्या मशीनच्या क्रमांकाशी स्वतः ताडून बघितली. वेळापत्रकाचा कागद तेव्हा भिंतीवर नव्हता.

लॉट दहाचा होता. तीन दुकानात, दोन मामांकडे, उरले पाच. रात्री बिलबुक काढून एकेकाला फोन लावले. तिघांच्या घरी एकेकच कॉम्प्युटर, त्यांना कधी काही जाणवलं नव्हतं आणि जाणवणारही नव्हतं. तरी क्रमांकाचं सगळं त्यांना सांगून ठेवलं, उद्या घरात दुसरं मशीन आलं तर. उरलेले दोन एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये गेले होते. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "अहो, त्यातलं एक तर दोन महिने बंदच आहे. नेटवर्कला धरत नव्हतं. गेलं असेल म्हणून बाजूला ठेवलंय, तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं."

सोमवारी दुपारी गेलो. कोपऱ्यातल्या टेबलावर मशीन होतं, वर धुतलेली जुनी चादर घातलेली. चादर काढली, लॅन कार्ड बसवलं, केबल जोडली, चालू केलं. चारची बॅच यायला दहा मिनिटं होती. बाहेर बाकावर बसलेल्या मुलींपैकी एकीला मॅडमनी आत बोलावलं आणि ती रोज जिच्यासाठी थांबायची ती पाळी आजपासून नाही, असं सांगून तिला त्या मशीनसमोर बसवलं.