माहेरची साखर

आमच्या कोल्हापुरात साखरेचा पेशंट म्हटला की पोट सुटलेला, पन्नाशीचा गडी डोळ्यांपुढे येतो. कागलकडच्या गावातून आलेली ही बाई पस्तिशीची, अगदी काटकुळी. गोळ्या चालू असूनही साखर तीनशेच्या वर. मी विचारायचो आणि उत्तर नवरा द्यायचा. तसं ओपीडीत रोजच होतं, पण ही माझ्या ओठांकडे टक लावून बघत होती. तिला नीट ऐकूच येत नव्हतं.

सोबत सासूबाई होत्या. "आमच्यात कुणालाच साखर न्हाई बघा डॉक्टर, ही माहेरनंच घेऊन आलीया."

टोमणा होता, पण मी पेन उचललं. आईला साखर? आहे. आईला ऐकू येतं? मशीन लावते. मामा? तोही बहिरा होता, साखरेनं गेला. वडिलांकडं काही नाही. टाइप वन मधुमेहात रक्तात सापडणाऱ्या अँटिबॉडी आधीच निगेटिव्ह आलेल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्यावर मध्यबिंदूभोवती काळसर डाग लिहून ठेवले होते.

हे सगळं जुळवल्यावर माझा संशय मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांवर गेला. ती पेशीला लागणारं बहुतेक एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बनवतात, आणि त्यांचा स्वतःचा डीएनए असतो: 16,569 बेस-जोड्या (डीएनएची अक्षरं), फक्त 37 जनुकं. तो आईच्या बीजांडातूनच येतो. त्यात 3243 व्या जागी 'ए' अक्षराचा 'जी' झाला, की प्रथिनं घडवायला ल्युसीन हे अमिनो आम्ल आणून देणारा टी-आरएनए नावाचा रेणू बिघडतो आणि मायटोकॉन्ड्रियातली प्रथिनं नीट घडत नाहीत. स्वादुपिंडातल्या बीटा पेशीला इन्शुलिन सोडायचं तर आधी एटीपी वाढावं लागतं. आतल्या कानालाही ऊर्जा सतत लागते. म्हणून साखर आणि बहिरेपण एकाच घरात जोडीनं फिरतात. हा संबंध 1992 मध्ये उघड झाला, तरी अशा पेशंटच्या फायलीवर अजून सर्रास 'टाइप टू' लिहिलेलं असतं.

वयासोबत रक्तातलं या बदलाचं प्रमाण घटतं, म्हणून लघवीचाही नमुना पाठवला. रक्तात जेमतेम सापडला, लघवीतल्या पेशींत ठळक. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी बंद केली, कारण अशा शरीरात लॅक्टिक ॲसिड साचायची भीती. इन्शुलिन सुरू केलं. ईसीजी, इको करून घेतला.

आता सांगायचं कसं? सासूबाईंचा टोमणा शास्त्रानं खरा ठरवला होता, आणि त्यांच्यासमोर ते बोलायची माझी तयारी नव्हती. तिला आई आणि भावाला घेऊन वेगळं बोलावलं. मोठ्यानं, सावकाश, कागदावर लिहून सांगितलं. आई रडायला लागली. तिला म्हटलं, "मावशी, तुम्हालाही हे तुमच्या आईकडूनच आलंय. यात कुणी काही केलेलं नाही."

भावाचं लग्न ठरत होतं. "माझ्या पोरांना?"

"तुझ्यात असलं तरी तुझ्याकडून पुढं जाणार नाही."

त्याचा जीव भांड्यात पडला. मग बहिणीकडं बघून त्यानं मान खाली घातली. तिला आठ वर्षांची मुलगी आहे. मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएच्या बिघडलेल्या आणि चांगल्या प्रतींची सरमिसळ प्रत्येक बीजांडात वेगळी पडते. मुलीत किती आलंय, त्याचा कधी त्रास होईल का, हे आज कोणी छातीठोक सांगू शकत नाही.

नवऱ्याला मुलीचा रिपोर्ट लगेच हवा होता. मी नको म्हटलं. तिला काही त्रास नाही, आणि रिपोर्टनं आज उपचार बदलणार नाहीत. ती मोठी झाल्यावर तिचं ती ठरवेल. तोवर वर्षाला एकदा कान आणि साखर तपासायची, एवढंच तिच्या नावाच्या कागदावर लिहून दिलं.